आंबट मारा

माझ्या भावाचं डोकं फुटलं तेव्हा मुकादमाच्या हातात दांडा होता आणि माझ्या तोंडात दोन शब्द. दांडा पोलिसांनी पंचनामा करून पोत्यात घालून नेला. शब्द पोत्यात घालता येत नाहीत, म्हणून मला साक्षीला बोलावलं.

मी सॉसच्या कारखान्यात चव घेते. एकोणीस वर्षं हेच करतेय. कढईतला माल बाटलीत जायच्या आधी माझ्या जिभेवरून जातो, आणि मी नको म्हटलं तर मालकाचा बापही तो पुढे ढकलू शकत नाही. सगळे मला ताई म्हणतात, माझ्याहून वयाने मोठे आहेत तेसुद्धा. तोंडाची मी फटकळ. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई म्हणायची. त्याच जिभेवर पोट भरते ना, असं मी तिला उलट ऐकवायचे.

आमच्या शहराच्या मधून नदी जाते. अलीकडच्यांना टोमॅटोचा सॉस गोड हवा, दाट, बाटली उलटी केली तरी विचार करून पडणारा. पलीकडच्यांना लागतो आंबट, पातळ, लसूण-मिरचीने नाकातून पाणी काढणारा. अलीकडचे म्हणतात, पलीकडचा सॉस पितळेची भांडी घासायला बरा. पलीकडचे म्हणतात, अलीकडचा सॉस म्हणजे जॅम, दात पडलेल्यांनी खावा. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणून सोडून द्यावं इतकी साधी गोष्ट. पण आमच्याकडे ती कुणी कधी सोडली नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत एका अलीकडच्याने गंमत म्हणून पलीकडच्याच्या उकडलेल्या अंड्यावर गोड सॉस ओतला. पलीकडच्याने हातातला काटा उचलला आणि त्याच्या हातात खुपसला. काटा आरपार जाऊन टेबलात रुतला होता. तो काढायला दोन माणसं लागली, आणि त्या दोघांचीही नंतर काटा कुणी आधी ओढला यावरून जुंपली.

आमच्या घरात तर नदी जेवणाच्या टेबलावरूनच वाहायची. बाबा अलीकडचे, आई पलीकडची. टेबलावर दोन बाटल्या. बाबांनी एकदा रागाच्या भरात आईची बाटली भिंतीवर फोडली. आईने त्यांची बाटली खिडकीतून भिरकावली. खाली शेजारी उभा होता, त्याच्या खांद्याला सात टाके पडले. मी बाबांची जीभ घेऊन आले, धाकटा आईची. तो तीन वर्षांचा असताना व्हिनेगरच्या बाटलीला तोंड लावून घटाघटा प्यायला आणि वर हसला. तेव्हापासून त्याचं नाव आंबट पडलं. शाळेत आंबट, गल्लीत आंबट, कारखान्यातही आंबट. टवाळ पोरं आंबटशौकीन म्हणायची, पण ते एकदाच म्हणायची, कारण आंबटचा हात फार लवकर उठायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं की तो स्वतःच इकडेतिकडे बघायचा.

कारखान्यात दोन मोठ्या कढया आहेत, वाफेवर चालणाऱ्या, प्रत्येक कढईत तीन माणसं उभी राहतील एवढ्या. पहिलीवर अलीकडचे, त्यांचा मुकादम. दुसरीवर पलीकडचे, आणि त्यांचा मुख्य आचारी माझा भाऊ. मी वर लोखंडी मचाणावर असते. नमुना दोरीने वर येतो, मी चव घेते आणि खाली ओरडून सांगते. बॉयलर, बाटल्यांचा पट्टा, वाफ, या सगळ्या गोंगाटात लांबलचक बोलणं पोचत नाही, म्हणून दोनच शब्द. मीठ मारा. तिखट मारा. आंबट मारा.

आणि इथेच गोम होती. अलीकडचा माणूस आंबट मारा ऐकतो तेव्हा तो आंबटपणा मारतो, म्हणजे साखर घालून त्याला ठार करतो. पलीकडचा माणूस मारा ऐकतो तेव्हा तो घालतो. पाणी मारा, मीठ मारा, तसं आंबट मारा, म्हणजे व्हिनेगरचा कॅन उपडा करा. मी बाबांची मुलगी, मला मारणं म्हणजे संपवणंच. मागच्या वर्षी मी दुसऱ्या कढईवर ओरडले, आंबट मारा, आणि पलीकडच्यांनी खुशीने दोन कॅन ओतले. अख्खी कढई गटारात गेली. संध्याकाळी फाटकाबाहेर त्यावरून साखळ्या निघाल्या, आणि एका अलीकडच्याचा जबडा तारेने बांधावा लागला. तेव्हा मी नियम केला. शब्दाबरोबर हात बघायचा. घालायचं असेल तर उघडा पंजा, मारायचं असेल तर वळलेली मूठ. वर्षभर एक चूक झाली नाही. माझ्या मुठीचा मला थोडा गर्वच होता.

मग मालकाच्या डोक्यात आलं की दोन सॉस कशाला, एकच करू. एक कढई, एक लेबल, नदीच्या दोन्ही काठांना एकच चव. मी तोंडावर सांगितलं, ‘साहेब, दोन्ही काठ तुमच्या बाटल्या तुमच्याच डोक्यात घालतील.’ त्यांनी ऐकलं नाही. सोमवारी पहिल्या कढईवर दोन्हीकडची माणसं एकत्र लावायची आणि चव मी ठरवायची, असं फर्मान निघालं.

त्या सोमवारी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, आंबट माझ्याकडे आला. जेवणघरात सगळे चहा पीत होते.

‘ताई, आज मालक तुझंच ऐकणार. एकदा तरी आमच्या बाजूने बोल.’

‘मी जिभेच्या बाजूने बोलते. भाऊ म्हणून चव बदलत नसते.’

‘जिभेच्या नाही, बाबांच्या बाजूने बोलतेस. आयुष्यभर तेच केलंस. आई शेवटचं मागत होती तेव्हाही तू तिच्या सुपात साखरच घातलीस.’

आई गेली त्या आठवड्यात तिला घशाखाली काही उतरत नव्हतं. ती टोमॅटोचं सूप मागायची, आंबट कर म्हणायची. डॉक्टरांनी आंबट, तिखट बंद केलं होतं. मी साखर घालून दिलं. तिने दोन चमचे घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हे मला आणि आंबटला, दोघांनाच माहीत होतं. त्याने ते चाळीस माणसांसमोर काढलं.

मी त्याच्या थोबाडीत मारली. अशी की त्याच्या हातातला कप लांब जाऊन फुटला आणि ओठ दातांवर आपटून रक्त आलं. त्याने हात उचलला नाही. ज्याचा हात सगळ्यांवर उठतो, त्याचा माझ्यावर उठला नाही. तो ओठ पुसून कामावर गेला. मी मचाणावर चढले तेव्हा माझा तळहात चुरचुरत होता आणि राग तसाच होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं याच रागावर आहे.

अकरा वाजता कढई उकळायला लागली. वाफ इतकी की खाली माणसं नुसत्या सावल्यांसारखी दिसत होती. नमुना वर आला. मी पळी तोंडाला लावली. आंबट. नुसतं आंबट नाही, कुणीतरी माझी वाट न बघता व्हिनेगर ओतलेलं. त्याच वेळी खाली आरडाओरडा झाला. वाफ जरा हटली तेव्हा दिसलं, मुकादमाने साखरेचं पोतं चाकूने फाडून कढईत सोडलं होतं आणि आंबटने त्याची गचांडी धरली होती. उकळता सॉस उडून दोघांच्या हातांवर पडत होता, पण कुणी सोडायला तयार नाही. मुकादमाने चाकू टाकला आणि डोक्याने आंबटच्या नाकावर धडक मारली. आंबटने त्याला कढईच्या कडेवर दाबलं. गरम लोखंडावर कातडीचा चर्र आवाज झाला, तो मला वर ऐकू आला. बाजूला दोन्हीकडची माणसं उभी होती. कुणाच्या हातात क्रेट, कुणाच्या हातात बाटल्या, आणि सगळे वर माझ्याकडे बघत होते. आता ताई काय म्हणतात?

मी काय म्हणायला हवं होतं? सोडा, म्हणायला हवं होतं. थांबा, म्हणायला हवं होतं. पण माझ्या जिभेवर तो आंबट सॉस होता, आणि डोक्यात आईचं सूप. मी हात वर केला, मूठ वळली आणि सगळा जीव एकवटून ओरडले, ‘आंबट मारा!’

मी कढईबद्दल बोलले. निदान मी स्वतःला तसंच सांगते.

त्या क्षणी आंबटने मुकादमाला सोडलं आणि पाठ फिरवली. का, ते मला कळलं नाही. घाबरून पळतोय असं वाटलं, आणि माझ्या भावाला मी आयुष्यात कधी पळताना पाहिलं नव्हतं. मुकादमाने वर बघितलं, माझी मूठ बघितली, ढवळायचा दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि मागून घातला. दांड्याच्या टोकाला स्टीलचं पातं असतं. भोपळा जमिनीवर पडावा तसा आवाज झाला.

लोक म्हणतात रक्त आणि सॉस एकसारखं दिसतं. अजिबात नाही. मी रंगातली जाणकार माणूस आहे. सॉस लाल राहतो, रक्त बघता बघता काळं पडतं. आंबट सांडलेल्या सॉसमध्ये पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याभोवती तो काळा रंग पसरत होता.

पुढे जे झालं त्याला मारामारी म्हणणं कमीच. बाटल्या फुटल्या, फुटलेल्या बाटल्यांनी माणसं फुटली. एकाच्या कानाचा तुकडा पट्ट्यावर बाटल्यांबरोबर झाकणाच्या मशीनपर्यंत गेला. एकाने दुसऱ्याच्या तोंडात मुठीने साखर कोंबली, तो गुदमरेपर्यंत. ‘घे गोड, घे!’ मी शिडीवरून अर्धी उतरले, अर्धी पडले. माझ्या हातात अजून नमुन्याची पळी होती. ती मी कढईत बुडवली आणि उकळत्या सॉससकट मुकादमाच्या गालावर दाबली. तो ओरडत बसला, ‘ताई, तुम्हीच सांगितलंत! तुम्हीच सांगितलंत ना!’

मी पळी सोडली ती तेव्हा.

आंबटच्या डोक्याला बावीस टाके पडले. चार दिवस तो शुद्धीवर नव्हता. मी बाकड्यावर बसून होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या जिभेला कशालाच चव नव्हती. पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडले. सहाव्या दिवशी कळलं की माझी चव परत येईल, त्याची येईल की नाही सांगता येत नाही. डोक्याच्या आत मार बसला होता. डॉक्टरांनी त्याच्या जिभेवर लिंबू पिळलं, मीठ ठेवलं, साखर ठेवली. तो प्रत्येक वेळी म्हणाला, ‘ओलं आहे,’ नाहीतर ‘खरखरीत आहे.’ जो माणूस व्हिनेगर पिऊन हसला होता, त्याला लिंबू नुसतं ओलं लागत होतं.

मुकादम कोठडीत एकच पालुपद लावून बसला होता, ताईंनी हुकूम दिला, ताईंनी मूठ केली. अलीकडच्यांनी सांगितलं, हो, मूठ होती. पलीकडच्यांनी सांगितलं, छे, पंजा होता, ताई व्हिनेगर घाला म्हणत होत्या. पलीकडचे मला वाचवायला म्हणत नव्हते. त्यांना मुकादम एकटाच आत जायला हवा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ चाळीस माणसांनी उघड्यावर पाहिली होती, आणि तरी ती मूठ होती की पंजा यावर वाद होता.

मी आंबटला माझ्या घरी आणलं. साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मी ठरवलं, आज त्याला सांगायचं. पोलीस साहेबांना सांगायच्या आधी त्याला. मी आईचा सॉस करायला घेतला. टोमॅटो भाजून सोलले, लसूण ठेचली, लाल मिरची, आणि व्हिनेगर. आंबट डोक्याला पट्टी बांधून टेबलाशी बसला होता, कढईच्या चटक्यांनी त्याचे हात अजून गुलाबी होते.

‘काय करतेस?’

‘आईचा सॉस.’

‘मला काय उपयोग? मला चिखल दिलास तरी चालेल.’

‘चालणार नाही.’

मी पळीने त्याच्या पुढ्यातल्या वाटीत वाढलं, पावाचा तुकडा ठेवला. त्याने बुडवून खाल्ला, चावला, गिळला. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘झालंय का?’

मी चाखून बघितलं. माझ्या हाताने सवयीने चिमूटभर साखर घातली होती. मला आठवतसुद्धा नव्हतं कधी घातली ते. मी पातेलं परत शेगडीवर ठेवलं आणि व्हिनेगर ओतत गेले, माझे डोळे पाण्याने भरेपर्यंत, टाळू जळेपर्यंत. मग एक मोठी पळी भरून स्वतःच खाल्ली.

‘आता झालंय,’ मी म्हणाले.

तो हसला. हसताना टाके ओढले गेले म्हणून त्याने डोकं धरलं.

‘ताई, एक सांगू? त्या दिवशी मला खूप बरं वाटलं होतं.’

‘कशाने?’

‘तू ओरडलीस ना. आंबट मारा. मला वाटलं, आली शेवटी आपल्या बाजूला. सकाळी थोबाडीत मारलीस, पण सगळ्यांसमोर आमच्याच बाजूने बोललीस. मी त्या मुकादमाला सोडलं आणि कॅन आणायला वळलो. तुझा शब्द खाली पडायच्या आधी कॅन कढईशी हवा म्हणून. तेवढ्यात.’ त्याने डोक्याला हात लावला. ‘वर बघायला पाहिजे होतं, तुझा नियम. पण शब्दच असा कानात गोड लागला, बघायचं राहिलं.’

माझ्या हातातली पळी खाली पडली. तो पळत नव्हता. तो माझं ऐकायला वळला होता.

‘लोक म्हणतात मूठ होती,’ तो म्हणाला. ‘मी म्हटलं, खोटं बोलतात. पंजा होता ना?’

एकोणीस वर्षांत मी एकाही नमुन्याबद्दल खोटं बोलले नाही. मी त्याच्या समोर बसले.

‘मूठ होती.’

त्याच्या नाकपुड्या फुगल्या, तशा लहानपणापासून फुगतात. त्याने वाटी उचलली आणि माझ्या कानाजवळून भिंतीवर मारली. सॉस भिंतीवरून खाली ओघळायला लागला. मी हलले नाही. हलायचा मला हक्क नव्हता.

‘मला मारायला?’

‘आंबटपणा मारायला. आणि तुलासुद्धा. त्या वेळेला दोन्ही एकच होतं रे. मला वेगळं करता आलं नाही.’

‘कर,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘मूठ. केलीस तशी कर.’

मी उजवा हात टेबलावर ठेवला आणि मूठ वळली. त्याने माझं मनगट एका हाताने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने अंगठा उचकटला. मग तर्जनी. मी बोटं सैल सोडली नाहीत, का कुणास ठाऊक. बहुतेक मला दुखायला हवं होतं. त्याने मधलं बोट उघडलं, अनामिका उघडली. तो रडत होता आणि त्याचं रडू माझ्या हातावर पडत होतं. करंगळी सर्वांत शेवटी राहिली. ती त्याने इतक्या जोरात ओढली की कट्कन आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

माझा हात टेबलावर पालथा न पडता उताणा, उघडा पडला होता. त्याने त्यावर आपला भाजलेला हात दाबून ठेवला.

‘पंजा होता,’ तो म्हणाला. ‘कळलं? कुणीही विचारलं तरी पंजा होता.’

सकाळी पोलीस चौकीत तो माझ्याबरोबर आला आणि दाराजवळच्या बाकावर बसला. साहेबांनी विचारलं, मूठ होती की पंजा. मी सांगितलं, मूठ. मुकादमाचा वकील ताठ झाला. ‘करून दाखवा,’ साहेब म्हणाले.

मी हात वर केला. करंगळीला फळी बांधलेली, बाकीची बोटं सुजून टम्म. मी जोर लावला. बोटं वळली नाहीत. पुन्हा लावला. घामाने माझी मान भिजली, पण पाच बोटं तशीच उघडी, चाळीस जणांनी पाहावीत अशी.

‘बघा साहेब,’ बाकावरून आंबट म्हणाला. ‘पंजाच आहे. ताईला मुद्दाम खोटं बोलता येत नाही, पण हिला चुकीचं आठवतं.’

साहेबांनी काय लिहून घेतलं ते मला दिसलं नाही. मी एवढ्या माणसांसमोर हुंदके देऊन रडत होते, आणि तो माझा दंड धरून मला उठवत होता. ‘चल ताई,’ तो म्हणत होता, ‘पुरे आता. घरी चल, कालचा आईचा सॉस उरलाय. तू खा आणि मला सांग कसा लागतो.’